घरून काम, घरात मूल: माणसं टिकवायची कशी

ऑफिसला जाणाऱ्याला माणसं शोधावी लागत नाहीत. कॅबमध्ये शेजारी बसणारा, लिफ्टमध्ये रोज दिसणारी, टपरीवर चहाला येणारे तिघं, कँटीनमध्ये डब्यातली भाजी पुढे करणारे, हे सगळे पगारासोबतच मिळालेले असतात. घरून काम सुरू झालं की ते एका दिवसात जातात. घरात लहान मूल असेल तर पाठोपाठ संध्याकाळही जाते. मग चार-सहा महिन्यांनी लक्षात येतं की आठवडाभरात नवरा किंवा बायको, मूल, कामाच्या मावशी आणि स्क्रीनवरचे चौकोन सोडून आपण कोणाशीच नीट बोललेलो नाही.

अशा वेळी ‘थोडा वेळ काढा’ हा सल्ला काही कामाचा नाही. काढायला वेळ उरलेलाच नसतो. उपयोगी पडते ती आधीच ठरलेली वेळ: तीच माणसं, तोच वार, तीच जागा, आणि शक्यतो घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत. दर वेळी नव्याने ठरवावी लागणारी भेट मुलाच्या पहिल्या सर्दीलाच मोडते. ठरलेली भेट एकदा चुकली तरी पुढच्या आठवड्यात आपल्या जागी हजर असते.

इथलं सगळं पुण्यासारख्या शहरात, सोसायटीत राहणाऱ्या आणि एक ते आठ वर्षांचं मूल असलेल्या घरांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. दोघंही घरून काम करत असाल किंवा एकच जण, पद्धत तीच. वेळा तेवढ्या बदलतील.

तासांचा हिशेब आधी

कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी मैत्रीला लागणाऱ्या वेळेचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजाने नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, ‘आपला मित्र’ म्हणावं इथपर्यंत यायला सुमारे ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. हे आकडे काटेकोर धरू नका, पण हिशेबाला चांगले आहेत. महिन्यातून एकदा दोन तासांची छान पार्टी केली तर ५० तास भरायला २५ महिने लागतील. दर आठवड्याला दीड तास भेटलात तर आठ महिन्यांत भरतील. म्हणून मोठ्या आणि क्वचित भेटीपेक्षा छोटी आणि नेमाची भेट निवडा. पुढची प्रत्येक सूचना याच हिशेबावर उभी आहे.

दुसरी गोष्ट हलक्या ओळखींची. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात असं दिसलं की ज्या दिवशी अशा वरवरच्या ओळखीच्या माणसांशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं होतं, त्या दिवशी आपण कुठेतरी ‘आपले’ आहोत ही भावना वाढते. भाजीवाल्या ताई, वॉचमन काका, इस्त्रीवाला, ग्रंथालयातला माणूस. घरून काम करणारे नेमक्या याच ओळखी ॲपवर किराणा मागवून स्वतःच्या हाताने तोडतात. आठवड्यातून दोनदा भाजी खाली उतरून, मुलाचं बोट धरून आणा. वीस मिनिटं जास्त जातील, ती जाऊ द्या.

बसचं गेट

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे शाळेची बस येते ते गेट. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस ठरवलेले आहेत. गेटवर रोज १५ मिनिटं त्याच माणसांसोबत काढलीत तर वर्षात ५० तास होतात. ओळखीची मैत्री व्हायला लागणारे ते ५० तास इथे वेगळा वेळ न काढता मिळतात.

ते मिळावेत म्हणून तीन गोष्टी करा. बसच्या वेळेआधी दहा मिनिटं खाली उतरा, कारण धावत-पळत आलेल्या पालकाशी कोणी बोलत नाही. कानातले इअरबड काढून खिशात ठेवा. ते कानात असले की समोरचा तुम्हाला कॉलवरच धरतो. आणि बस गेल्यावर लगेच लिफ्टकडे वळू नका. ‘दोन चकरा मारू या का?’ एवढंच विचारा. सोसायटीभोवती दोन चकरा म्हणजे बारा-पंधरा मिनिटं. शेजारी चालताना बोलणं सोपं जातं, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

वेळेची एक अडचण मात्र येते. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. तुमच्या मुलाच्या शाळेने ती वेळ पाळली असेल तर बस सव्वाआठ-साडेआठला येते आणि साडेनऊचं स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, समोर उभं असतं. म्हणून कॅलेंडरमध्ये ८:१५ ते ९:०० ही वेळ रोजची, पुन्हापुन्हा येणारी म्हणून अडवून ठेवा. नाव काहीही द्या, ‘बिझी’ दिसलं की पुरे. अडवलेली नसेल तर टीममधलं कोणीतरी नऊची मीटिंग टाकतंच, त्याचा काही दोष नसतो.

मूल अजून शाळेत जात नसेल तर गेटची जागा संध्याकाळचं मैदान घेतं. एक ते दोन वर्षांची मुलं दुपारी साधारण एक ते तीन झोपतात आणि पाच ते साडेसहा त्यांचा सगळ्यात चांगला मूड असतो. त्याच वेळी, त्याच बाकापाशी, आठवड्यातून किमान तीनदा जा. जागा बदलत राहिलात तर दर वेळी नव्याने ओळख करून द्यावी लागते.

ओळख पुढे न्यायला क्रम असा ठेवा. पहिल्या-दुसऱ्या भेटीत शाळेबद्दल, डॉक्टरबद्दल विचारपूस. तिसऱ्या भेटीत नंबर. आणि नंबर घेतल्यापासून आठवड्याच्या आत एक नेमकं आमंत्रण: ‘शनिवारी सकाळी साडेसातला मुलांना घेऊन पाषाण तलावावर जातोय, नऊला परत. येता का?’ ‘एकदा भेटू निवांत’ असं म्हणालात की ते निवांत कधी येत नाही. कुणाशी जुळवायचं हे ठरवताना आवडीनिवडी नंतर बघा. मुलांच्या वयात दीड वर्षांपेक्षा जास्त अंतर नको, घरं चालत जाण्याइतकी जवळ हवीत, झोपायच्या वेळा सारख्या हव्यात. या तीन गोष्टी जुळल्या तर मतं जुळली नाहीत तरी चालतं. त्या जुळल्या नाहीत तर कितीही रसिक माणसं असोत, भेटी होत नाहीत.

बाबालोकांसाठी एक वेगळी सूचना. गेटवरचा आणि मैदानावरचा व्हॉट्सॲप ग्रुप बहुतेक वेळा ‘मॉमीज’ किंवा ‘सखी’ अशा नावाचा असतो, आणि दिवसभर घरी असणारा बाप त्यात नसतो. मग वाढदिवस, सहली, सगळ्याची बातमी त्याला बायकोकडून कळते. ग्रुप तुम्ही चालवत असाल तर नाव ‘पालक’ करा आणि प्रत्येक घरातले दोघंही त्यात घ्या. हा बदल फार छोटा आहे आणि त्याने फरक फार मोठा पडतो.

अमेरिकेची घड्याळं

पुण्या-मुंबईत घरून काम करणाऱ्या अनेकांची संध्याकाळ कॉलमध्ये जाते. न्यूयॉर्कमधले सकाळचे ९ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे ६:३० आणि हिवाळ्यात ७:३०. तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. इंग्लंडची मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण बसलेली घडी याच दोन वेळा मोडते. मार्चमध्ये अचानक साडेसहाला कॉल सुरू होतात, मैदानावरचं जाणं बंद पडतं, आणि मग ते नोव्हेंबरपर्यंत परत सुरूच होत नाही. यावर उपाय म्हणजे ठरलेली भेट मुळातच ५ ते ६:१५ अशी ठेवणं. ती वर्षभर टिकते.

या घड्याळांचा फायदाही आहे. आपला सोमवारचा दिवस उगवतो तेव्हा अमेरिकेत रविवार असतो. रात्रीत मेल आलेले नसतात आणि दुपारपर्यंत फारसं कोणी काही मागत नाही. मूल शाळेत किंवा पाळणाघरात असेल तर मित्रासोबत जेवायला जाण्याची आठवड्यातली सगळ्यात सुरक्षित दुपार सोमवारची. शिवाय तिकडच्या सुट्ट्या बघा: मे महिन्यातला शेवटचा सोमवार, ४ जुलै, सप्टेंबरचा पहिला सोमवार, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. त्या संध्याकाळी कॉल नसतात. महिनाभर आधी कोणाला तरी सांगून ठेवा, नाहीतर ती संध्याकाळ कपाट आवरण्यात जाते.

घरातली वाटणी

दोघं पालक असतील तर प्रत्येकाला आठवड्यातून एक संध्याकाळ किंवा एक सकाळ, वाराने ठरवून, एकट्याची हवी. ‘तुला कधी जायचं असेल तर सांग’ ही उदारता दिसते, पण तिच्यात दर वेळी परवानगी मागावी लागते आणि परवानगी मागण्यातच उत्साह जातो. ‘बुधवार तुझा, शनिवार सकाळ माझी’ असं स्पष्ट बोला. त्या वेळेत घरी असणाऱ्याने मुलाचं जेवण, अंघोळ, झोपवणं सगळं बघायचं, आणि बाहेर गेलेल्याला ‘डायपर कुठे आहेत?’ असा फोन करायचा नाही. पहिल्या दोन-तीन वेळा मूल रडेल, घरचा वैतागेल. सहाव्या आठवड्यापर्यंत थांबा, तोवर घडी बसलेली असते.

आपल्या वाराला जायला कोणी नाही म्हणून घरीच थांबलात तर तो वार गेला म्हणून समजा. दोन आठवड्यांत त्यावर कपडे, किराणा, उरलेलं काम येऊन बसतं. कोणी नसेल तर एकटे जा: ग्रंथालयात, टेकडीवर, नाटकाला. वार राखला की माणसं सापडतात.

आजी-आजोबा घरात असतील तर मदत त्यांच्याकडे वारानेच मागा. ‘मंगळवार आणि गुरुवार सहा ते साडेसात तुम्ही बघाल का?’ त्यांचाही बागेतला कट्टा असतो, भजनी मंडळ असतं, नातवंड सांभाळताना तो बुडतो आणि ते बोलत नाहीत. दोन वार मागितलेत तर उरलेले पाच त्यांचे आहेत, हे कृतीतून दिसू द्या.

एकटे पालक असाल तर पुढचा भाग सगळ्यात आधी अमलात आणा.

पाळीचा शनिवार

तीन घरं, आळीपाळीने एक घर सगळी मुलं दोन तास सांभाळतं, बाकीच्या दोन घरांतले पालक मोकळे. म्हणजे तीन आठवड्यांत एकदा राबायचं आणि दोनदा सुट्टी. आजवरच्या सगळ्या युक्त्यांमध्ये ही आम्हाला सर्वांत खात्रीची वाटते, कारण पैसे लागत नाहीत, मुलांना मित्र मिळतात, आणि मोठ्यांना मुलांशिवायचे दोन तास मिळतात. पण नियम न ठरवता सुरू केली तर तिसऱ्या पाळीला बंद पडते, म्हणून तपशिलात सांगतो.

मुलं तीन ते सात वर्षांची असावीत. तीनच्या आतलं मूल सोडून जाऊ नका. तिथे पालकाने सोबत थांबायचं आणि ती मग नुसती एकत्र भेट होते, तीही चांगलीच. एका मोठ्या माणसामागे चारपेक्षा जास्त मुलं नकोत. वेळ साडेचार ते साडेसहा. दोन तासांपेक्षा लांबवू नका, शेवटच्या अर्ध्या तासात मुलं थकतात, भांडतात, आणि आठवण तीच राहते. पहिल्या दोन पाळ्यांना प्रत्येक मुलासोबत त्याचे आई किंवा बाबा अर्धा तास थांबतील. तिसऱ्यापासून दारात सोडून निघायचं.

प्रत्येक घराने एका कागदावर चार गोष्टी लिहून द्यायच्या: कशाची ॲलर्जी आहे, सध्या कोणतं औषध चालू आहे, दोन फोन नंबर, आणि न्यायला कोण येणार. कागद फ्रिजवर लावायचा. फोनमधला मेसेज ऐन वेळी सापडत नाही.

पाळी तुमची असेल त्या दिवशी मुलं येण्याआधी घरातून एक चक्कर मारा. बाथरूममधली भरलेली बादली रिकामी करा, लहान मुलाला तळाशी दोन इंच उरलेलं पाणीही धोक्याचं असतं. बाल्कनीच्या दाराला वरची कडी. खिडकीला जाळी नसेल तर तिच्याजवळचा पलंग, खुर्ची दूर. डासांचं लिक्विडचं मशीन सॉकेटमधून काढून उंचावर. गॅसचा रेग्युलेटर बंद. बटणासारखे छोटे सेल असलेली खेळणी, रिमोट बाजूला. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, आणि द्राक्षं उभी चिरून द्या.

दोन तासांचा क्रम ठेवा, सैल पण ठरलेला. पहिली चाळीस मिनिटं मोकळं खेळणं, त्यात पडू नका. मग खाऊ. मग खाली मैदान किंवा पोडियम. शेवटी एक गोष्ट वाचून दाखवा आणि मुलांकडूनच पसारा आवरून घ्या. टीव्ही लावायचा की नाही हे आधीच तिघांनी मिळून ठरवा. आमचं मत: लावू नये. दोन ते पाच वर्षांच्या मुलांनी दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन बघू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि एका घरात चालतं, दुसऱ्यात नाही, यावरून घरं तुटलेली आहेत.

मोकळ्या दोन तासांचं काय करायचं, हे शुक्रवारीच ठरलेलं हवं. इथे बहुतेक जण चुकतात. मूल सोडून आले की लॅपटॉप उघडतात. तो वेळ माणसांसाठी आहे. त्या दिवशी मोकळ्या असलेल्या दोन घरांतल्या मोठ्यांनी मिळून चहाला बाहेर पडणं सगळ्यात सोपं. किंवा जुना मित्र. किंवा नवरा-बायकोने नुसतं एकत्र चालून येणं. तेही याच यादीत बसतं.

आजारपणाचा नियम लेखी असू द्या. औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप नसेल तरच मुलाला पाठवायचं. उलट्या-जुलाब असतील तर थांबल्यावर ४८ तास. ‘ताप’ एवढा एका शब्दाचा मेसेज पुरे, स्पष्टीकरण मागायचं नाही, माफीही नको. पण एक घर गळलं म्हणून शनिवार रद्द करायचा नाही. दोन घरं उरली की पाळी होते. सगळ्यांना जमेल तेव्हाच करू म्हटलं की लहान मुलांच्या घरांत ती वेळ येतच नाही.

तीन घरांसाठी एक वेगळा ग्रुप करा आणि त्यावर गुरुवारी रात्री नऊला एकच मेसेज: ‘शनिवार साडेचार, आमच्याकडे. येणाऱ्यांनी अंगठा.’ शुभेच्छा, व्हिडिओ, शाळेच्या तक्रारी यासाठी सोसायटीचा तीनशे जणांचा ग्रुप आहे, तो तिथेच राहू दे.

पावसाळ्याची सोय मे महिन्यातच करून ठेवा. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असतो आणि क्लबहाऊस आधी मागणाऱ्याला मिळतं. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन चार महिन्यांचे शनिवार एकदम लिहून घ्या.

खाण्याचं

भेटी बंद पडण्याचं एक मोठं कारण स्वयंपाकघरात असतं. पहिल्या यजमानांनी हौसेने पावभाजी, पुलाव, कोशिंबीर, गुलाबजाम केले की दुसऱ्याला तेवढं तरी करावं लागतं, आणि तिसरं घर ‘या महिन्यात जरा गडबड आहे’ म्हणतं. म्हणून पहिल्याच दिवशी मर्यादा बोलून टाका: एक पदार्थ, एक फळ, चहा. यजमानाने पदार्थ आणि चहा करायचा, फळ येणाऱ्यांनी आणायचं.

चार घरं जमली, म्हणजे आठ मोठे आणि पाच मुलं, तर पोह्यांना जाडे पोहे पाऊण किलो घ्या. मोठ्या माणसाला ७० ग्रॅम आणि मुलाला त्याच्या निम्मे असा हिशेब. मध्यम पाच-सहा कांदे, पाव किलो बटाटे. मुलांचे पोहे मिरची घालण्याआधी वेगळे काढा. पोहे आधी भिजवून, निथळून ठेवले तर माणसं आल्यावर वीस मिनिटांत सगळं ताटात असतं आणि यजमान ओट्याशी अडकत नाही. घरातलं माणूस दोन तास ओट्यापाशी उभं राहिलं तर भेट त्याची झालीच नाही. घर आवरण्याचाही हाच नियम: हॉल आणि बाथरूम एवढंच. बेडरूमचं दार लोटून घ्या.

जुने मित्र, मूल नसलेले मित्र

यांच्याशी मैत्री तुटते ती बहुतेक वेळा ‘तुला कुठे वेळ असणार’ या समजातून. दोन-तीनदा नाही ऐकलं की ते विचारणं थांबवतात, आणि विचारत नाहीत म्हणून इकडे मन खट्टू होतं. पुढाकार तुम्हीच घ्या आणि मेसेजमध्ये चार गोष्टी घाला: वार, जागा, संपण्याची वेळ, मूल सोबत आहे की नाही. ‘रविवारी सकाळी सात ते साडेआठ, तळजाई, मी एकटीच. नाहीतर सोमवारी एक वाजता जेवायला, तुझ्या ऑफिसजवळ.’ दोन पर्याय दिले की समोरच्याला निवडायचं असतं, ठरवायचं नसतं. संपण्याची वेळ सांगितली की मधूनच उठून जाणं उद्धट वाटत नाही.

मूल सोबत असेल तर कॅफे टाळा. वीस मिनिटांनंतर तुमचं अर्धं लक्ष काचेच्या ग्लासांवर असतं आणि मित्राला वाटतं आपण नको आहोत. मोकळी जागा निवडा: एम्प्रेस गार्डन, सारसबाग, मुंबईत शिवाजी पार्क किंवा राणीची बाग. आणि तीन भेटींतली एक तरी मुलाशिवाय असू द्या. मित्राला तुम्ही हवे असता, आई किंवा बाबा झालेले तुम्ही रोज नको असता. यात मुलावर काही अन्याय नाही.

लांबच्यांसाठी व्हॉइस नोट वापरा. दोन मिनिटांच्या आत, कपड्यांच्या घड्या घालताना, आणि शेवटी ‘उत्तर सावकाश दे’ असं म्हणून. दहा मिनिटांची नोट ऐकायची राहून जाते आणि ऐकली नाही म्हणून बोलणंच थांबतं. अमेरिकेतल्या मैत्रिणीशी बोलायला शनिवारी सकाळी आठची वेळ चांगली. तेव्हा न्यू जर्सीत शुक्रवारी रात्रीचे साडेदहा असतात, हिवाळ्यात साडेनऊ, आणि कॅलिफोर्नियात तर संध्याकाळच असते. तिचंही मूल तोवर झोपायला टेकलेलं असतं.

फोनसाठी रोजची वेळ हवी असेल तर काम संपल्यावर पंधरा मिनिटं घराबाहेर पडा. लॅपटॉप मिटला आणि त्याच मिनिटाला मूल अंगावर आलं, असं रोज झालं तर माणूस चिडचिडा होतो. पूर्वी ऑफिस ते घर हा प्रवास मध्ये होता. तो आता आपणच तयार करायचा: जिन्याने खाली, एक फेरी, एक फोन, परत वर.

सणांचा फायदा घ्या

आपल्याकडे भेटीगाठींचं वेळापत्रक पंचांगात तयारच आहे, नव्याने निमित्त शोधावं लागत नाही. लहान मुलांच्या घरांना सगळ्यात सोयीचा भोंडला. नवरात्रात, संध्याकाळी, पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरायचा आणि शेवटी खिरापत ओळखायची. पाऊण तासात आटोपतो, मुलं खूष, आणि प्रत्येक घराने एक डबा आणला की यजमानावर भार नाही. गाणी येत नसतील तर सोसायटीतल्या आज्यांना बोलवा. त्या आल्या की पुढच्या वर्षी आमंत्रण त्यांच्याकडून येतं.

संक्रांत ते रथसप्तमी हा काळ हळदीकुंकवाचा आणि बोरन्हाणाचा. बोरन्हाणात मुलाच्या डोक्यावरून बोरं, हरभरे, उसाचे तुकडे ओततात. दोन वर्षांखालची मुलं गोळा होणार असतील तर नुसते चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या वापरा, बोराची बी घशात अडकते. हळदीकुंकवाला बोलावताना मात्र नवरा नसलेल्या, एकट्या राहणाऱ्या शेजारणींना वगळू नका. जिला माणसांची सगळ्यात जास्त गरज आहे तिलाच दाराबाहेर ठेवणारा सण काय कामाचा? ‘तिळगूळ घ्यायला सगळे या’ असा निरोप द्या, पुरुषांनाही. कोजागरीचं दूध रात्री दहाऐवजी आठला गच्चीवर प्या, चंद्र तेव्हाही असतो आणि मुलं जागी असतात. माणशी १५० मिली धरलं तर तेरा जणांना दोन लिटर पुरतं.

ऑफिसातली माणसं

पंधरा दिवसांतून एक दिवस ऑफिसला जा, पण ज्यांना भेटायचं आहे त्यांच्याशी तारीख ठरवूनच. कोथरूडहून हिंजवडी गाठायची, तिथे रिकाम्या मजल्यावर हेडफोन लावून ऑनलाइन मीटिंगला बसायचं आणि परत यायचं, यात दिवस फुकट जातो. त्या दिवशी दुपारी साडेबारा ते दोन कॅलेंडर अडवा आणि डबा दोन माणसांपुरता न्या. मूल लहान असेल तर पाळणाघराची चौकशी एचआरकडे करा. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं बंधनकारक केलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. घरून काम करणाऱ्या बहुतेकींनी हे कधी विचारलेलंच नसतं.

मूल सात-आठ वर्षांचं झालं की गेट आपोआप सुटतं. ते एकटं खाली जातं, बसपर्यंत सोडायला कोणी लागत नाही, त्याचे मित्र तोच निवडतो, आणि त्याच्यामुळे भेटणारे पालक दिसेनासे होतात. म्हणून मूल पहिलीत असतानाच त्या मंडळींसोबतची एक भेट मुलांपासून वेगळी काढा: रविवारी सकाळी सहाला वेताळ टेकडी, किंवा महिन्यातून एक नाटक, तिकिटं एकाने आधी काढून ठेवायची आणि पैसे नंतर वाटून घ्यायचे. सुरुवातीला दोघंच आले तरी चालेल. जागा, वार आणि वेळ बदलू नका, उरलेले एकेक करून येतात.